गांधीलमाशी रामकिशनला चावत नाही

रामकिशनमामा त्या दिवशी आमच्या फाटकाच्या आत पाऊल टाकायला तयार नव्हते, आणि मला त्याचा चांगलाच राग आला. मार्च संपत आला होता. नांदेडात सकाळी दहालाच ऊन डोक्यात शिरत होतं, घरातला पंखा गरम वारा फेकत होता, आणि ज्या माणसाची आम्ही होळीपासून वाट बघत होतो तो समोरच्या कडुनिंबाखाली उकिडवा बसून होता. आत काम करत होती त्यांची मुलगी, बुद्धप्रिया.

"मामा, आत या की," मी व्हरांड्यातून हाक मारली.

"हितंच बरं हाय ताई. वारं लागून राहिलंय."

वारं कसलं! झाडाचं पान हलत नव्हतं. मला राग येतो तो असा, क्षुल्लक कारणानं आणि लगेच. राजशेखर, माझा नवरा, म्हणतो की तुझा राग नाकावर भाड्यानं राहतो. असू दे. पण बावीस वर्षं घरात येणारा माणूस एकाएकी रस्त्यावर बसायला लागला तर कुणालाही लागणारच.

रामकिशनमामा मूळचे मुदखेडचे, अजूनही तिथेच राहतात. वडील रेल्वेत गँगमन होते, ऊन-पावसात रूळ तपासत मैलोन्‌मैल चालायचे. पोरानंही रेल्वेत चिकटावं ही त्यांची इच्छा होती, पण पोराचं लक्ष यंत्रात. नववीत शाळा सोडून तो रोज पॅसेंजरनं नांदेडला येऊन मोटर बांधायच्या दुकानात बसू लागला. जळालेल्या मोटरीतली काळी पडलेली तार उलगडायची, नवी गुंडाळायची. पावसाळ्यानंतर विहिरीच्या मोटरी आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी कूलर, असं त्यांचं वर्ष ठरलेलं. माझं लग्न होऊन मी या घरात आले त्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदा आमच्याकडे आले. बारीक अंगाचे, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात टेस्टर. बोलायचे ते सगळं मिशीच्या आतून.

आमच्याकडच्या कूलरचं असं असतं की दिवाळीपासून होळीपर्यंत तो बंद. पत्र्याचा मोठा डबा, तीन बाजूंना गवत भरलेल्या जाळ्या, आत अंधार. नांगी असलेल्या यच्चयावत जिवांना ही जागा पसंत पडते. जुन्या गवतात विंचू, तळाच्या गंजलेल्या पत्र्याखाली लाल मुंग्या, आणि वरच्या कोपऱ्यात गांधीलमाशांचं पोळं. पहिल्याच वर्षी मामांनी मला या सगळ्यांची ओळख करून दिली होती. "विंचू पाव्हणा हाय ताई. येतो, जातो. मुंग्या म्हंजी शेजारी. पर गांधील भाडेकरू. एकदा शिरली की निघायचं नाव न्हाई."

आणि या भाडेकरूंना न मारता बाहेर काढणारा नांदेडातला एकच माणूस म्हणजे रामकिशन. बाकीचे मिस्त्री रॉकेलचा बोळा पेटवतात नाहीतर फवारा मारतात. मामा तसलं काही करायचे नाहीत. मुदखेडच्या विहारात ते लहानपणापासून पंचशील म्हणत आलेले, आणि त्यातलं पहिलंच शील जीव घेऊ नये असं सांगतं. "रोज तोंडानं म्हणायचं आन्‌ हितं येऊन जाळायचं, कसं जमंल?" असं ते विचारायचे. सकाळी, माशा जरा सुस्त असतात तेव्हा, पत्र्याच्या डब्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायचे. कूलरची एक बाजू बोटभर उघडायची आणि थांबायचं. पुन्हा बोटभर उघडायची. माशा निघून गेल्या की पोळ्याचं देठ पकडीनं हळूच तोडून, तारेला बांधून, बाजूच्या रिकाम्या प्लॉटमधल्या बाभळीला टांगायचं. सगळा घाट तासाभराचा. शेजारचे लोक बघायला जमायचे.

यात त्यांना चावायच्या, नाही असं नाही. हाताला, कानाला, एकदा तर पापणीवर. ते स्क्रू-ड्रायव्हरचं लोखंड त्या जागेवर दोनदा घासायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. "लई इख जिरलंय अंगात. आता ह्यांचंच काय चालत न्हाई माझ्यापुढं." हे वाक्य मी दरवर्षी ऐकलं. हळूहळू आमच्या गल्लीत, मग वसाहतीत, मग पार विष्णुपुरीपर्यंत झालं की गांधीलमाशी रामकिशनला चावत नाही. मामांनी ते कधी खोडून काढलं नाही. उलट नव्या घरी गेले की आधी बाह्या सावरून, सगळ्यांचं लक्ष आहे ना हे बघूनच डबा पेटवायचे. एवढी एक मिजास होती त्यांना. मला ती आवडायची.

या वर्षी मात्र सगळंच वेगळं. तीन फोन केले तेव्हा आले. आले ते बुद्धप्रियाच्या स्कूटीवर मागे बसून. तिनं आयटीआयमधून वायरमन केलेलं, तेवीसेक वर्षांची, कामाला वाघ. डोक्याला ओढणी, वर टोपी, टोपीवरून मच्छरदाणीची जाळी, हातात मोजे. मामांनी उभ्या जन्मात मोजे घातले नव्हते. तिनं वडिलांच्याच पद्धतीनं धूर केला, पोळं तोडलं आणि बाभळीला नेऊन टांगलं. चांगलं ताटाएवढं होतं. पण दहा-बारा माशा घर गेलं तरी जागा सोडत नव्हत्या, व्हरांड्यात कूलरच्या खिडकीपाशी भिरभिरत होत्या.

"काकू, अर्धा तास कुणी व्हरांड्यात येऊ नका," ती मला म्हणाली. "गवत पार कुजलंय. दुकानातून नवं घेऊन येते." मग फाटकाबाहेर जाऊन वडिलांना दरडावून म्हणाली, "बाबा, हितून हलायचं न्हाई. ऐकलं का?"

बापाला असं बोलतात का! मामांनी मान खाली घालून "हाव" म्हटलं. स्कूटी गेली.

इथे अव्वांबद्दल सांगायला हवं. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई, सिद्धम्मा. उदगीरच्या. वय अठ्ठ्याहत्तर, गळ्यात लिंग, सकाळी पूजा झाल्याशिवाय पाणी नाही. आम्ही बसवण्णांना मानणारे लोक, आमच्यात उच्चनीच नाही, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मामांवर त्यांचा जीव. त्यांच्या मुदखेडच्या बोरांच्या पिशवीची त्या वाट बघायच्या आणि मामाही आमच्यासारखंच त्यांना अव्वा म्हणायचे.

अव्वा सकाळपासून खिडकीतून बाहेर बघत होत्या. आता त्या माझ्याकडे वळल्या.

"रुसलाय त्यो," त्या म्हणाल्या.

"कशाला रुसतील, अव्वा?"

"मन्मथच्या लग्नाची पत्रिका दिली व्हतीस का त्याला?"

मन्मथ माझ्या नणंदेचा मुलगा. लग्न डिसेंबरात उदगीरला झालं. पत्रिका दिली नव्हती. मुद्दाम नाही, लक्षातच आलं नाही. मला एकदम कानकोंडं झालं, आणि मामांवरचा राग उलटून माझ्यावरच आला.

"बघ," अव्वा म्हणाल्या. "दारी येतो, उंबऱ्यात येत न्हाई. त्याला वाटलं असंल, ह्यांनी आपली जात बघितली. बावीस वर्सांचं समदं मातीत गेलं की गं." त्यांचे डोळे भरून आले. मला दुसरं काही सुचलंच नाही. खरं सांगते, एवढं नीट जुळलं होतं की मीही शंभर टक्के मानलं. मामांच्या जागी मी असते तर मी आलेच नसते, पोरीलाही पाठवलं नसतं, असंही मनात येऊन गेलं.

अव्वा उठल्या. गुडघे धरून, भिंतीला हात लावत, व्हरांड्यात गेल्या. मी म्हटलं, "अव्वा, माशा आहेत तिथे." त्या म्हणाल्या, "रामकिशन असल्यावर कशाला भ्यायचं?" आणि मलाही ते पटलं. पटलं, हे मी लपवणार नाही.

फाटक उघडून त्या रस्त्यावर गेल्या. मामा धडपडून उभे राहिले.

"उन्हात का बसलालास? चल आत."

"न्हाई अव्वा, ऱ्हाऊ द्या. पोरगी येईल आता."

"आमचं चुकलं. पत्रिका द्यायची ऱ्हायली. म्हातारीला माफी कर."

"कशाची पत्रिका? तसं काय न्हाई अव्वा, खरंच न्हाई."

"मग चल की."

मामा माझ्याकडे बघू लागले. त्या नजरेत काहीतरी होतं, आज मला ते कळतं. त्या वेळी मला वाटलं, अजून मनधरणी हवी आहे. म्हणून मी, जिला नको तिथे बोलायची खोड आहे, हसत म्हटलं, "काय मामा, पोरीनं दम दिला म्हणून भ्यालात का? की गांधीलमाशीला?"

आजूबाजूची दोन-चार माणसं बघत होती. तीही हसली. मामांचा चेहरा लाल झाला. आणि अव्वांनी पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं. नुसतं धरलं आणि चालायला लागल्या. मामा एकदा हाताकडे बघून त्यांच्या मागून आत आले.

व्हरांड्यात नेहमीच्या खुर्चीवर बसले. मी चहा ठेवायला आत वळले. आधण यायच्या आत अव्वांची हाक आली. "दामिनी, लोखंड आण गं काहीतरी. चावली वाटतं."

एकच माशी. मानेवर, कॉलरच्या जरा वर. मी हातातली सांडशीच घेऊन गेले आणि घासायला लागले. अव्वांनी चंचीतला चुना काढून लावला. बाहेरच्या लोकांतलं कुणी कांदा आणा म्हणालं, तर कांदाही आणला. आम्ही सगळे अगदी निर्धास्त होतो. रामकिशनमामांना चावली, त्यात काय! मीच त्यांना म्हटलं, "झाली ओळख परत?" मामा हसले नाहीत. ते आपले तळहात खाजवत होते. करकरून, नखं रुतवून.

मग मानेवर गांधी उठल्या. बघता बघता त्या गळ्यावर, छातीवर, शर्टाच्या बटणांतून खाली गेल्या. ओठ सुजले. खालचा ओठ इतका जाड झाला की तोंड त्यांचं वाटेना. "पोरगी..." ते म्हणाले, आणि आवाज घोगरा, दुसऱ्याच माणसाचा. "डबी... पोरगीकडं..." मला काहीच समजेना. कसली डबी? अव्वा त्यांच्या तोंडाशी पाण्याचा तांब्या नेत होत्या. मी सांडशी घासतच होते. हे मला आठवलं की अजून अंगावर काटा येतो. माणसाचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता आणि मी शहाणी, बीएस्सी झालेली बाई, लोखंड घासत बसले होते.

मामा खुर्चीवरून सरकून फरशीवर आले. डोळे अर्धवट उघडे, चेहरा राखेच्या रंगाचा.

"यप्पा!" अव्वा किंचाळल्या. "काय झालं ह्येला? काय झालं?"

कुणीतरी रिक्षा बोलवा असं मी ओरडले म्हणतात, मला ते आठवत नाही. मला आठवते ती स्कूटी. बुद्धप्रियानं ती फाटकातून तशीच आत घातली. पुढे बांधलेलं गवत घसरून पडलं. तिनं एकदा वडिलांकडे, एकदा कूलरकडे पाहिलं.

"सरका!" ती ओरडली. स्कूटीच्या डिकीतून तिनं स्टीलची डबी काढली, त्यातून भरलेली सुई, आणि वडिलांच्या पँटवरूनच मांडीत टोचली. मग वडिलांचे पाय तिनं उचलून खुर्चीवर ठेवले. "बाबा, माझ्याकडं बघा. माझ्याकडं बघा, बाबा."

रिक्षा आली. शेजारच्यांनी मामांना उचललं. दवाखाना चार मिनिटांवर होता, आणि ती चार मिनिटं मी रिक्षात त्या पोरीच्या समोर बसून काढली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त एकदा म्हणाली, "त्यांना आत कुणी आणलं?" मी म्हटलं, "आम्ही."

त्यांचा जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, ही सुई नसती तर दवाखान्यापर्यंत पोचले नसते. मग मला सगळं कळलं, तेही दवाखान्याच्या बाकावर बसून, तुकड्यातुकड्यानं. मागच्या उन्हाळ्यात विष्णुपुरीकडच्या एका बंगल्यात मामा असेच पडले होते. तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की पुन्हा चावली तर शेवटची ठरेल. सुई कशी द्यायची ते बुद्धप्रियाला शिकवलं होतं. मी म्हटलं, पण त्यांना तर इतक्या वर्षांत... डॉक्टर म्हणाले, विष जिरून अंग पक्कं होतं हा समज आहे. काहीजणांचं उलट होतं, अंगाला त्या विषाची ॲलर्जी होते. इतकी वर्षं काही झालं नाही म्हणजे पुढच्या खेपेला होणार नाही, असं धरून चालता येत नाही.

"मग आम्हाला सांगितलं का नाही?" मी बुद्धप्रियाला विचारलं. माझा आवाज चढला. रागच तो, पण कुणावर, ते मला माहीत नव्हतं.

"बाबांनी शपथ घातली व्हती," ती म्हणाली. "लोक गांधील चावत न्हाई म्हणून बोलावतेत, चावती म्हणल्यावर कोण बोलावंल म्हणले. बाहेर बसतो म्हणले, कुणाला कळायचं न्हाई. मी डबी त्यांच्याजवळ ठेवायला पायजे व्हती. बाहेर हायेत म्हणून निर्धास्त ऱ्हायले." मग ती रडली. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी बाकावर तशीच बसून राहिले.

घरी आले तर अव्वा देवघरात बसून होत्या. दुपारचं जेवण तसंच झाकलेलं. त्यांनी फक्त विचारलं, "हाय का?" मी म्हटलं, "आहेत." तेव्हा त्या भिंतीला टेकल्या. आपण मारायला निघालो होतो त्याला, असं त्या चार दिवस म्हणत राहिल्या. जेवताना, पूजेत, मधेच. मी कितीही समजावलं तरी पाचव्या दिवशी त्यांनी हट्टच धरला, मला मुदखेडला घेऊन चल. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला उन्हात एसटीत घालून मी मुदखेडला नेलं.

त्यांचं घर स्टेशनाच्या पलीकडे. सरजाबाईंनी, मामांच्या बायकोनं, आमचं मनापासून स्वागत केलं. त्यामुळे मला जास्तच शरम वाटली. मामा बाजेवर बसले होते, चेहरा उतरलेला पण ओठ पुन्हा त्यांचेच. उठायला लागले.

"बस," अव्वा म्हणाल्या आणि त्यांच्यासमोर खालीच बसल्या. "मी ओढून नेलं तुला. माझ्या हातानं."

"अव्वा, सोडा आता ते."

"न्हाई सोडत. मला सांग. तुला म्हाईत व्हतं, आत गेलास तर मरशील. मग आलास कामून? मी म्हातारी बाई, माझ्या हातात काय जोर? झटकून टाकायचास."

सरजाबाई चहा घेऊन दारात थांबल्या. मला वाटलं, लोक बघत होते म्हणून, मी चिडवलं म्हणून, असं काहीतरी ते म्हणतील. त्या शब्दांची मी तयारीच करून आले होते. माफी मागायची होती मला.

मामा हसले, जरा लाजल्यासारखे. उजवं मनगट डाव्या हातानं चोळत म्हणाले, "खरं सांगू का अव्वा? लई वर्सं येऊन राहिलो तुमच्याकडं. तुम्ही जेवू घातलं, लुगडं दिलं हिला, कदी वाकडा शबूद न्हाई. पर हात कुणी लावला न्हाई कदी. कप बी कट्ट्यावर ठेवायच्या, मग मी उचलायचो. माझी तक्रार न्हाई बरं का. लक्षात आपलं येतं माणसाच्या." ते थांबले. "त्या दिशी तुम्ही हात धरला. आता त्यो झटकायचा कसा?"

आम्ही उच्चनीच मानत नाही हे वाक्य आयुष्यभर ज्यांच्या जिभेवर होतं, त्या अव्वांना एक शब्द सापडेना. मामा खरंच खूश दिसत होते, आणि तेच मला बघवेना. आपण काही भयंकर बोललो आहोत हे त्यांच्या गावीही नव्हतं.

परतीच्या एसटीत अव्वा डोळे मिटून बसल्या होत्या, झोपल्या मात्र नव्हत्या. मी एकेक वर्ष आठवत होते. माझ्या हातून त्यांच्या हातात गेलेला एखादा कप, एखादी वाटी, प्रसादाचा एखादा पेढा, काहीही. मी तर शिकलेली, मी तर नव्या पिढीतली. नांदेडचं स्टँड आलं, लोक उतरायला लागले, तरी मी आठवतच होते. बावीस वर्षांत मला एकसुद्धा सापडला नाही.